मास्तरांची करंगळी

आमच्या सासूबाईंना कारखान्यात सगळे मास्तर म्हणतात. घरी मी त्यांना आई म्हणते, म्हणजे समोर असल्या की. माघारी काय म्हणते ते माझ्या नवऱ्याला ठाऊक आहे, आणि तो शहाणा माणूस असल्यामुळे गप्प बसतो.

मास्तर हे नाव त्यांनी कमावलेलं आहे. पूर्वी त्यांचं स्वतःचं टेलरिंगचं दुकान होतं आणि त्या फक्त कोट शिवायच्या. पुरुषांचे कोट. बाकीचे कपडे कुणीही शिवतं, कोटाची कॉलर बसवायला मनगट लागतं, असं त्या तेव्हाही म्हणायच्या आणि अजूनही म्हणतात, विशेषतः मी सुईत दोरा ओवायला घेतला की. नवं गिऱ्हाईक दुकानात शिरायचं, बाई बघून गोंधळायचं आणि विचारायचं, "मास्तर कुठायत?" ह्या गळ्यातली टेप काढून म्हणायच्या, "हात वर करा." एवढ्यावर ओळख पटायची.

पुढे लोक तयार कोट घ्यायला लागले, धंदा बसला, आणि त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने त्यांना आपल्या कारखान्यात बोलावून घेतलं. ते गिऱ्हाईक म्हणजे आमचे साहेब. मी तिथे आधीपासून टेस्टिंगला होते. मास्तरांनी मला तिथेच हेरलं आणि आपल्या मुलाच्या गळ्यात बांधलं. आपलं माप कधी चुकलं नाही असं त्या चारचौघांत सांगतात. माझ्या बाबतीत मनातल्या मनात काय म्हणतात ते मी विचारलेलं नाही.

आमचा कारखाना म्हणजे एका बंद पडलेल्या छापखान्यातल्या चार खोल्या. भिंतींना अजून शाईचा वास आहे. तिथे रेडिओच्या पोटात बसणारी एक चिमुकली वस्तू बनते, तिला फिल्टर म्हणतात. हवेत एका वेळी शंभर ठिकाणचे रेडिओ बोलत असतात. त्यातलं आपल्याला हवं तेवढं आत घ्यायचं आणि बाकीच्यांना दारातूनच वाटेला लावायचं, हे त्या फिल्टरचं काम. ते तो कसं करतो याची मोठी गंमत आहे. दोन तांदळाचे दाणे एकापुढे एक ठेवावेत एवढा स्फटिकाचा तुकडा घ्यायचा, घासून घासून त्याचा आरसा करायचा. त्याच्या या टोकाला ॲल्युमिनियमच्या दोन फण्या, एकमेकींच्या दातांत दात घालून बसलेल्या, आणि त्या टोकाला तशाच आणखी दोन. रेडिओचा सिग्नल इकडच्या फण्यांत शिरला की स्फटिक थरथरतो. ती थरथर म्हणजे आवाजच, फक्त इतका उंच की कुत्र्यालासुद्धा ऐकू येणार नाही. तो आवाज स्फटिकाच्या पाठीवरून सरपटत पलीकडे जातो आणि तिकडच्या फण्या त्याचा पुन्हा सिग्नल करतात. ज्याचा ताल दातांशी जुळला तो पोचतो, ज्याचा जुळला नाही तो वाटेतच विरतो. सगळी मदार दातांवर. दात किती रुंद, दोन दातांत फट किती, यावर फिल्टर रेडिओत जाणार की कचऱ्यात, हे ठरतं.

आता केसाहून बारीक दात माणसाच्या हाताने काढायचे कसे? तर ते मोठे काढायचे, फोटो घेऊन लहान करायचे, आणि तो फोटो स्फटिकावर उतरवायचा. ते मोठे दात मास्तर काढायच्या.

मधल्या खोलीत काचेचं एक टेबल आहे, दाराएवढं, खालून दिवे लावलेलं. त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा तक्ता पसरायचा. त्या तक्त्याला लाल रंगाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. सुरीने फक्त लाल पापुद्रा कापायचा, खालच्या प्लास्टिकवर ओरखडासुद्धा उठता कामा नये. मग नको असलेली पट्टी चिमट्याने धरून अलगद सोलायची. मास्तर पट्टी सोलायला लागल्या की आम्ही चहा तसाच सोडून बघायला जायचो. ओठ घट्ट मिटलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि पट्टी अशी उठायची की जणू तिला स्वतःलाच जायचं होतं. माझ्या सासूचं कौतुक करायची मला सवय नाही, पण हे खरं आहे ते खरं आहे.

असा कापून झालेला तक्ता म्हणजे फिल्म; ती पुढे जायची कॅमेरावाल्याकडे. तो दिवसभर काळोख्या खोलीत असतो म्हणून आम्ही त्याला वटवाघूळ म्हणतो आणि तोही हाकेला ओ देतो. माणूस कामाचा, पण थट्टेखोर. मास्तर नव्या असताना त्याने त्यांना सांगितलं होतं की स्फटिकाला सर्दी होते, म्हणून त्याच्याजवळ शिंकायचं नाही. त्या बिचाऱ्या कितीतरी दिवस नाक दाबून फिरत होत्या. नंतर कळलं की थट्टा होती. त्याच्याही नंतर कळलं की शिंकायचं खरंच नसतं, थेंब उडाला तर तुकडा वाया जातो. त्यामुळे त्या खोलीत आपल्याला सांगितलेल्या कुठल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा आणि कुठल्या नाही, याचा मास्तरांचा हिशेब कायमचा बिघडला. स्फटिकातून आवाज जातो, ही गोष्ट त्यांनी थट्टेच्या खात्यात टाकली होती.

राहिले साहेब. साहेब मनाने वाईट नाहीत. त्यांच्यात एकच खोट आहे. खरं तर दोन. एक म्हणजे बोलायला लागले की त्यांना थांबता येत नाही, आणि दुसरी म्हणजे त्यांना माफी मागता येत नाही. त्यांचा पाय कुणाच्या पायावर पडला तर ते त्यालाच "सांभाळून" म्हणतात.

तर झालं असं. बंदरातल्या मासेमारीच्या होड्यांना नवे रेडिओ बसणार होते आणि त्यातल्या फिल्टरचं काम आम्हाला मिळालं. एवढं मोठं काम पहिल्यांदाच. साहेबांचे पाय जमिनीवर नव्हते. नव्या दातांचं मापांसकट चित्र आलं, मास्तर नवी फिल्म कापायला घेणार, त्याच्या आदल्या दिवशी चहाच्या वेळी वटवाघूळ फुशारकी मारत बसला होता.

"मास्तर, तुमचा तो दाराएवढा तक्ता मी केवढा आटवतो माहितीये का? दोनशे पट!"

मास्तरांचा कप हवेतच थांबला. "आटतो?"

"आटतो म्हणजे! नखाएवढा होतो."

त्यांनी कप खाली ठेवला आणि उठून गेल्या. आम्हाला वाटलं चहा थंड झाला असेल.

इतकी वर्षं काम करून त्यांना हे ठाऊक नव्हतं का, असं कुणीही विचारेल. फोटो काढतात हे ठाऊक होतं. पण फोटो काढल्याने माणूस कुठे लहान होतो? त्यांची फिल्म हातातून गेली की त्यांचं काम संपायचं. आणि आज अचानक कळतं की ती आटते! कापड आटतं हे ज्याला समजत नाही तो टेलर कसला? म्हणून तर शिवणीच्या आत जादा कापड सोडतात. टेलर लोक त्याला माया म्हणतात. कोट धुतला, आटला, माणूस सुटला, तर माया उसवून तो पुन्हा अंगावर बसवता येतो. आणि आपण इतकी वर्षं दोनशे पट आटणाऱ्या मालाला रेघेला लावून कापत आलो! मास्तरांना रात्रभर झोप लागली नाही. कुणाला बोलल्या नाहीत. स्वतःची अशी चूक कुठला मास्तर बोलून दाखवेल?

दुसऱ्या दिवशी त्यांनी फिल्म कापली आणि प्रत्येक दाताला दोन्ही अंगांनी दोन-दोन मिलिमीटर माया सोडली. फार नाही. मास्तर उधळ्या नाहीत.

फिल्म तपासायचं काम वटवाघळाचं. पण मास्तरांची फिल्म तपासायची म्हणजे त्यांच्या तोंडावर त्यांचा अपमान करायचा, अशी आमच्याकडे समजूत होती. त्याने ती तशीच कॅमेऱ्यासमोर लावली. फोटो झाला, तो स्फटिकांवर उतरला, ॲल्युमिनियम चढलं, तुकडे पडले आणि पहिला तुकडा माझ्या टेबलावर आला. मी तारा जोडल्या. पडद्यावर एरवी रेघ छान टेकडीसारखी वर चढते. ती आडवीच. दुसरा लावला, तिसरा लावला, रेघ झोपलेलीच. मग सूक्ष्मदर्शकाखाली धरला. सुजलेल्या हिरड्यांसारखे सगळे दात फुगले होते. मधल्या फटी बुजून शेजारी शेजाऱ्याला चिकटला होता. अख्खा घाणा वाया गेला होता.

साहेब आले. सूक्ष्मदर्शकात बघून त्यांनी विचारलं, "कुणी कापली ही?" जसं काही कापणारे दहा जण होते.

मास्तर उभ्या राहिल्या. "मी. माया सोडलीये दोन-दोन मिलिमीटर. आटणार म्हणून."

फोटोत किती आटणार याचा हिशेब चित्रात आधीच धरलेला असतो, वेगळी माया लागत नाही. मग वटवाघूळ फिस्सकन हसला. त्याला ते आवरलं नाही, आणि त्या हसण्यानेच घोटाळा केला. साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मास्तर, हा काय कोट आहे का? झेपत नसेल तर घरी बसा आणि उशांचे अभ्रे शिवा!"

ज्याने कधी शिवणकाम केलं नाही त्याला यात एवढं काय लागलं ते कळणार नाही. अभ्रा म्हणजे सरळ शिवणी मारलेली पिशवी. शिकाऊ पोरीला पहिल्या दिवशी देतात तो अभ्रा. ज्या बाईने याच साहेबांचा लग्नातला कोट शिवला होता, तिला हे ऐकवलं, आणि तेही सगळ्यांच्या देखत. मास्तरांनी ॲप्रन काढला, घडी घातली, सुरी तिच्या म्यानात घातली आणि निघून गेल्या. मी थांबले, कारण माझी शिफ्ट होती. पण त्या दिवशी मी साहेबांना चहा विचारला नाही.

संध्याकाळी घरी गेले तर जिन्यापासूनच शिलाई मशीनची धडधड ऐकू येत होती. आई अभ्रे शिवत होत्या. घरातल्या सगळ्या उशांना नवे अभ्रे चढले होते. उशा संपल्यावर त्या खुर्च्यांकडे वळल्या. मग डबे. मग रेडिओ. सासरे निवृत्त प्लंबर आहेत, बोलणं बेताचंच. त्यांच्या पान्यांना मापाप्रमाणे एकेक अभ्रा मिळाला. त्यांनी मोठ्या पान्याला तो घालून बघितला आणि म्हणाले, "बरा बसलाय." त्यांच्याकडून एवढंच. माझ्या नवऱ्याने बूट दडवून ठेवले.

"आई, पुरे आता," मी म्हटलं.

"का? झेपतंय तेवढंच करतेय ना मी!"

असं आठवडाभर चाललं. दरवाजाच्या मुठीलाही टोपडं चढलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. पण एक मी बघत होते. प्रत्येक अभ्र्याची शिवण रेघेसारखी सरळ होती, आणि शिवताना त्यांचे डोळे लाल होते.

एकदा जेवताना त्यांनी घास ताटात ठेवला आणि मला विचारलं, "खरं सांग. त्या दगडातून आवाज जातो, हे खरं की तुमची थट्टा?"

"खरं आहे आई."

"मग मला कधी ऐकू आला नाही तो?"

"तो कुणालाच ऐकू येत नाही."

"कुणालाच ऐकू येत नाही त्याला आवाज म्हणायचं?"

मी त्यांना थरथर समजावली, ताल समजावला, दात समजावले. शेवटी टेबलाच्या या टोकाला चमच्याने ठोकून त्या टोकाला त्यांना हात लावायला सांगितला. सासऱ्यांच्या आमटीचा वाडगा कलंडला. त्यांनी तो सरळ केला आणि जेवत राहिले.

"हे टेबल आहे," आई म्हणाल्या. "टेबलाचं मला सांगू नकोस. आटतं म्हणालात ते थट्टेतलं निघालं. आवाज म्हणता तेही तसंच असेल. इतकी वर्षं तुम्ही मला खुळ्यात काढलंत."

त्यांना अभ्र्यांपेक्षा हे जास्त लागलं होतं. आपण जे जीव ओतून केलं, त्याचं नक्की काय होतं हे आपल्याला कधी कुणी धड सांगितलंच नाही. मला त्यांचा राग यायचा तो त्या क्षणी पार विरघळला, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

इकडे कारखान्यात पळापळ. होड्यांचा माल महिनाअखेर द्यायचा होता आणि फिल्म कापायला माणूस नव्हता. वटवाघळाने प्रयत्न केला, सुरी प्लास्टिकमधून आरपार गेली. मी प्रयत्न केला, माझ्या अंगठ्याला बँडेज आलं. मग साहेबांनी स्वतः बाह्या सरसावल्या. त्यांनी कापलं बऱ्यापैकी, पण सोलताना बोलत होते, त्यामुळे जे सोलायचं ते ठेवलं आणि जे ठेवायचं ते सोललं. शेवटी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"तुमच्या सासूबाईंना सांगा, झालं गेलं विसरून जा म्हणावं."

मी निरोप नेला. आई म्हणाल्या, "विसरायला मी काय म्हातारी झालेय? त्यांना सांग, दोन गोष्टी. तो आवाज मला दाखवायचा. आणि अभ्रे म्हणाले त्याची माफी मागायची. सगळ्यांसमोर बोलले ना? सगळ्यांसमोरच मागायची."

मी निरोप परत नेला. आवाज दाखवायला साहेब एका पायावर तयार झाले. माफी म्हटल्यावर त्यांचा चेहरा दाढ दुखल्यासारखा झाला. "समोर उभं राहून? म्हणजे... डोळ्याला डोळा देऊन?" ते बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले आणि मग त्यांना युक्ती सुचली. "रेडिओवरून चालेल का? नाहीतरी आवाज दाखवायचाच आहे. मी काळोख्या खोलीतून बोलतो, तुम्ही इकडे ऐका. सगळे ऐकतील."

मी आईंना विचारलं. "कुठूनही मागू दे," त्या म्हणाल्या, "मला ऐकू आली म्हणजे झालं."

ठरल्या दिवशी मास्तर कोट घालून आल्या. स्वतः शिवलेला. सगळा कारखाना माझ्या टेबलाभोवती जमला होता. मी आमचा एक खूप जुना नमुना काढला होता. तो करंगळीच्या दोन पेरांएवढा लांब आहे आणि त्यावर झाकण नाही, स्फटिक उघडा दिसतो. तो मी रेडिओत जोडला. साहेब हातात धरून बोलायचा रेडिओ घेऊन काळोख्या खोलीत गेले आणि बटण दाबून धरायला वटवाघळाला घेऊन गेले, कारण साहेब बोलताना हात हलवतात आणि बटण सुटतं.

खरखर झाली आणि साहेबांचा आवाज आला. "मित्रहो! आज या प्रसंगी बोलताना मला आपल्या कारखान्याचे सुरुवातीचे दिवस आठवतात..."

सगळ्यांनी उसासा टाकला. मास्तरांनी मला विचारलं, "हे त्या दगडातून येतंय?"

"हो."

"कशावरून? तारेतूनही येत असेल."

"स्फटिकाच्या मधोमध करंगळी टेकवा. हलकेच. फण्यांना लावू नका."

त्यांनी संशयाने माझ्याकडे पाहिलं, चष्मा सारखा केला आणि करंगळी टेकवली. "...तेव्हा या खोल्यांत उंदरांशिवाय कुणी..." आणि साहेब गप्प. नुसती बारीक खरखर.

मास्तरांनी बोट चटकन उचललं. "...आणि माझ्या वडिलांनी मला विचारलं, की..." टेकवलं. खरखर. उचललं. "...मी म्हणालो, बाबा..." टेकवलं.

त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. मी त्यांना माझ्या लग्नातसुद्धा इतकं खूश बघितलं नव्हतं. अर्धवट टेकवलं की साहेब खालच्या पट्टीत बोलायचे, थोडं दाबलं की कुजबुजायचे. आयुष्यात पहिल्यांदा कुणालातरी साहेबांना थांबवायचं बटण सापडलं होतं. पॅकिंगवाल्या बाई डोळे पुसत होत्या, हसून हसून. "मास्तर, मला द्या ना एकदा!" कुणीतरी म्हणालं. मास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो मागे सरकला.

मग त्यांनी करंगळी टेकवून ठेवली आणि माझ्याकडे वळल्या. आता हसत नव्हत्या.

"म्हणजे खरंच इथून जातो तो."

"हो, आई."

"माझ्या दातांमधून."

"तुमच्याच दातांमधून. तुम्ही कापलेल्या पहिल्या फिल्मचा तुकडा आहे हा."

हे त्यांना माहीत नव्हतं. मीही त्यांना कधी सांगितलं नव्हतं, कारण त्यांना माहीत असेल असंच धरून चालले होते. त्यांनी मान खाली घातली आणि थोडा वेळ त्या तुकड्याकडेच बघत राहिल्या.

"आणि आत्ता मी बोट ठेवलंय, तर आवाज गेला कुठे?"

"तुमच्या बोटात."

"म्हणजे?"

"पुढे जायच्याऐवजी तुमच्या बोटात शिरतो. तिथेच मुरतो."

"माझ्या बोटात," त्या म्हणाल्या. त्यांनी करंगळी तशीच ठेवली होती, आणि कितीतरी वेळाने उचलली.

"...बस. एवढंच सांगायचं होतं," रेडिओतून साहेबांचा घोगरा आवाज आला. "ओव्हर."

काळोख्या खोलीचं दार उघडलं. साहेब बाहेर आले. कपाळावर घाम, कान लालबुंद, पण डोंगर चढून आल्यासारखे मोकळे दिसत होते. मागून वटवाघूळ, चक्क गंभीर.

"झालं ना, मास्तर?" साहेब म्हणाले. "आता याल ना कामाला?"

सगळे छताकडे, बुटांकडे, खिडकीकडे बघायला लागले. मला वाटलं की आता जमीन दुभंगली तर बरं.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं. "ऐकलंत ना सगळ्यांनी?"

"ऐकू नाही आलं," मास्तर म्हणाल्या.

"म्हणजे?"

"मी बोट ठेवलं होतं."

साहेबांचा रंग उडाला. त्यांनी रेडिओकडे पाहिलं, स्फटिकाकडे पाहिलं, मास्तरांच्या हाताकडे पाहिलं. "अहो पण... मी म्हणालो सगळं! अगदी शेवटी!"

"म्हणाले, मास्तर," वटवाघूळ पुढे आला. "शपथेवर सांगतो. चुकलो म्हणाले. त्या कोटाचं बोलले, अजून कपाटात जपून ठेवलाय म्हणाले. मग पुढे शब्दच फुटेना त्यांना, मलाच कसंतरी झालं. आणि मास्तर, तेव्हा हसलो ते माझंही चुकलंच."

साहेबांनी रुमाल काढला. त्यांनी एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. मोठ्या मुश्किलीने एकदा बाहेर काढलेली गोष्ट पुन्हा काढायची होती, आणि तीही आता डोळ्याला डोळा देऊन. मला त्यांची दया आली, आणि आईंचा हट्टही मला ठाऊक होता. ऐकू आली म्हणजे झालं, असं त्यांनी मला बजावून सांगितलं होतं. इथे ऐकू काहीच आलं नव्हतं.

"मास्तर," साहेब म्हणाले, "मी..."

मास्तरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मग तोच हात समोर धरून त्या करंगळीकडे बघत राहिल्या.

"शेवटी म्हणालात ना?"

"हो."

"तेव्हा बोट इथंच होतं." त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "मग ते ह्याच्यात गेलं असणार. नाही का गं?"

"हो, आई," मी म्हटलं. "सगळं."

"मग पोचलं," मास्तर साहेबांना म्हणाल्या. "पुन्हा म्हणू नका. टेबलाचे दिवे लावायला सांगा. आणि ह्यापुढे काय किती आटतं ते आधी मला सांगायचं, चहा पिताना नाही."

त्यांनी कोट काढून खुंटीला लावला, ॲप्रन चढवला आणि संध्याकाळपर्यंत मान वर केली नाही. फिल्म रेघेला लावून कापली. या वेळी वटवाघळाने ती भिंग घेऊन दातादाताने तपासली, आणि मास्तर शेजारी उभ्या राहून "बघ, बघ नीट" म्हणत होत्या.

घरी आल्यावर आई हात धुवायला गेल्या आणि नळापाशी थांबल्या. आमच्याकडे भांडी त्या घासतात. माझं घासणं त्यांना पटत नाही, आणि ते मला सोयीचं असल्याने मी कधी सुधारले नाही.

"आज तू घास," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "हे बोट आज पाण्यात घालायचं नाहीये मला."

मी पदर खोचला आणि सगळी भांडी घासली.